शब्द कानी येतो, मनी राहत नाही

(बी. ए. द्वितीय वर्ष)

लहान मूल बोलायला कसे शिकते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. पेरले म्हणजे उगवते, तसे मूल वाढले म्हणजे बोलते, असे आपण धरून चालतो. वर्षाच्या आसपास पहिला शब्द येतो, दोन वर्षांचे होता होता दोन-दोन शब्द जोडले जातात आणि शाळेत घालण्याच्या वयापर्यंत तर 'जरा गप्प बस' असे म्हणण्याची वेळ येते. कोणी त्याला शब्दांची यादी दिलेली नसते, व्याकरण शिकवलेले नसते. तरीही पहिलीच्या वर्गाचा उंबरठा ओलांडताना त्याच्याजवळ हजारो शब्दांची शिदोरी असते. हा डोळ्यांसमोर घडणारा चमत्कारच होय. रोज घडतो म्हणून त्याचे नवल वाटत नाही, इतकेच.

परंतु शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हेही ठाऊक असते, की पेरलेले सगळेच सारखे उगवत नाही. एकाच वाफ्यात, एकाच पाण्यावर एखादे रोप मागे राहते. माझा धाकटा भाऊ असाच मागे राहिला होता. तीन वर्षांचा होईपर्यंत तो चार-दोन शब्दांच्या पुढे गेला नाही. नंतर बोलू लागला, पण नवा शब्द काही त्याच्या तोंडी बसेना. विळा, खुरपे, वखर, सारे त्याच्या लेखी 'ते'. "ताई, ते दे ना, ते... ज्यानं कापतेत ते!" आजी म्हणायची, "उशिरा बोलणारं लेकरू हुशार निघतं, कामून काळजी करता?" शेजारच्या बाया म्हणायच्या, "मुकं न्हाई, पण मंद हाय." दुसरीत गेल्यावर शाळेतूनही निरोप आला, की याच्या डोक्यात काही राहत नाही. शेवटी एके दिवशी वडील म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ती शाळा. शेळ्या तरी नीट राखील."

मला त्या वेळी उत्तर देता आले नाही. पण एक गोष्ट मनाला सारखी टोचत राहिली. ज्याच्या डोक्यात काही राहत नाही असे सारे म्हणत होते, त्याला गावातल्या प्रत्येकाची बैलजोडी ओळखू येत होती, सायकलची उतरलेली चेन तो क्षणात बसवीत होता आणि एकदा गेलेली वाट कधी चुकत नव्हता. म्हणजे डोक्यात राहत होते. राहत नव्हते ते शब्द! असे का व्हावे? कॉलेजात मानसशास्त्र हा विषय घेतल्यानंतर या प्रश्नाचे थोडेफार उत्तर हाती आले. ते इतर घरांनाही उपयोगी पडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

एक शब्द शिकणे म्हणजे काय?

आपल्या जालना जिल्ह्यातल्या मुलाला 'मोसंबी' हा शब्द कसा येतो ते पाहू. मोसंबीच्या बागेत कोणीतरी म्हणते, "मोसंबी उतरायला आली." मुलाला तीन कामे एकदम करावी लागतात. पहिले, बोलण्याच्या प्रवाहातून 'मोसंबी' एवढा तुकडा वेगळा काढून त्याचे ध्वनी त्याच क्रमाने मनात धरायचे. दुसरे, हा शब्द झाडाचा, फळाचा की फळाच्या रंगाचा, हे ताडायचे. तिसरे, तो ध्वनी आणि ती वस्तू यांची गाठ मारायची. यांपैकी एक जरी काम अर्धवट राहिले, तरी शब्द आपला होत नाही.

बहुतेक मुले हे किती झटपट करतात, हे १९७८ साली सुसान केरी व एल्सा बार्टलेट या अमेरिकेतील दोन संशोधक स्त्रियांनी दाखवून दिले. त्यांनी तीन-चार वर्षांच्या मुलांसमोर दोन ट्रे ठेवले, एक ओळखीच्या रंगाचा आणि दुसरा शेवाळी हिरव्या रंगाचा. मग सहज बोलता बोलता मुलाला सांगितले, 'तो दुसरा नको, क्रोमियम ट्रे आण.' क्रोमियम हे रंगाचे नाव मुलांनी पूर्वी कधी ऐकलेले नव्हते. मुलांनी बरोबर ट्रे तर आणलाच, पण काही दिवसांनी तपासले तेव्हा अनेकांच्या मनात त्या शब्दाची काही ना काही खूण शिल्लक होती. एका ओझरत्या ऐकण्यावर शब्दाचा पहिला कोंब फुटतो, तो असा.

मग काही मुलांच्या बाबतीत हा कोंब का फुटत नाही? याचे उत्तर शोधायचे, तर प्रथम स्मृतीकडे वळले पाहिजे.

मनातील धूळपाटी

पूर्वी मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवीत. बोटाने अक्षर काढावे आणि वाऱ्याच्या एका झुळकीने ते पुसून जावे. ते राहावे असे वाटले, तर पुन्हा पुन्हा गिरवण्यावाचून गत्यंतर नाही. आपल्या मनातही अशीच एक धूळपाटी आहे.

१९७४ साली अॅलन बॅडले आणि ग्रॅहम हिच या इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञांनी कार्यकारी स्मृतीची कल्पना मांडली. काम चालू असताना लागणारी माहिती तेवढ्यापुरती हाताशी धरून ठेवणारी ही स्मृती. तिचा एक भाग केवळ ऐकलेल्या ध्वनींसाठी असतो. आपण त्याला ध्वनिवलय म्हणू. ऐकलेला ध्वनी तेथे फार थोडा वेळ टिकतो. मनातल्या मनात त्याची उजळणी केली तरच तो ताजा राहतो. दोन सेकंदांत जेवढे बोलून होते, साधारण तेवढेच शब्द या पाटीवर मावतात, असे बॅडले व त्यांच्या सहकाऱ्यांना १९७५ मध्ये आढळून आले. म्हणूनच आखूड शब्दांची यादी लक्षात राहते आणि लांब शब्दांची सांडून जाते.

वाचकांनी स्वतःच हा अनुभव घेऊन पाहावा. कोणी मोबाईलचा दहा आकडी नंबर एका दमात सांगितला, तर तो लिहून होईपर्यंत आपण ओठांत पुटपुटत राहतो. मध्येच कोणी 'चहा घेणार का?' असे विचारले, की सारे आकडे उडून जातात. पाटी पुसली गेली!

आता अशी कल्पना करा, की एखाद्या मुलाची ही पाटी जन्मतःच लहान आहे. त्याला घरातून हुकूम सुटतो : "आत जा, कोपऱ्यातली बादली घे, हौदातलं पाणी भर आन् म्हशीपुढं ठेव." मूल आत जाते आणि बादलीपाशी नुसते उभे राहते. आपण म्हणतो, ऐकत नाही, आळशी आहे, मुद्दाम करतो. वस्तुतः त्याने ऐकलेले असते. पण चौथा शब्द कानात शिरेपर्यंत पहिला पुसला गेलेला असतो.

इटलीतील एका बाईची कथा

लहान पाटीमुळे नवे शब्द शिकणे अडते, याचा एक चटका लावणारा पुरावा इटलीतून आला. तेथील एका बाईला अर्धांगवायूसारख्या झटक्यामुळे मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली होती. शास्त्रीय लेखांत तिचा उल्लेख पी. व्ही. एवढ्याच अक्षरांनी होतो. तिची बुद्धी शाबूत होती, ती व्यवस्थित बोलत होती, जुन्या गोष्टी तिला आठवत होत्या. फक्त ऐकलेले आकडे किंवा शब्द दोन-तीनच्या पुढे तिला धरून ठेवता येत नसत.

बॅडले, कोस्तान्झा पापान्यो आणि ज्युझेप्पे व्हाल्लार यांनी तिला दोन प्रकारचे काम दिले. त्याचा अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या कामात ओळखीच्या इटालियन शब्दांच्या जोड्या पाठ करायच्या होत्या. त्या तिने इतरांसारख्याच पाठ केल्या. दुसऱ्या कामात इटालियन शब्दाला अनोळखी रशियन शब्द जोडायचा होता. इतर लोक थोड्या प्रयत्नाने ते शिकले. पी. व्ही.ला मात्र ऐकवून ऐकवूनही ते रशियन शब्द येईनात.

याचा अर्थ असा, की जे शब्द आधीच आपले झालेले आहेत त्यांना ध्वनींच्या पाटीची फारशी गरज लागत नाही, अर्थाचा आधार पुरतो. परंतु जो शब्द अगदी नवा आहे, ज्याला मनात अजून घर नाही, त्याला काही क्षण टेकायला तीच पाटी लागते. आणि लहान मुलाला तर सारेच शब्द नवे! मोठ्या बाईचे जे रशियन शब्दांपाशी अडले, ते मुलाचे मातृभाषेपाशी अडते.

निरर्थक शब्दांची परीक्षा

मुलाची ही पाटी किती मोठी आहे, हे मोजण्याची रीत मोठी साधी आहे. त्याला असे शब्द ऐकवायचे, जे भाषेत नाहीतच, आणि ते जसेच्या तसे म्हणायला सांगायचे. उदाहरणार्थ : नापू, दुबेमो, तिगोसाम, कोमतीरपुला. यांना काहीच अर्थ नाही. त्यामुळे घरात पुस्तके आहेत की नाहीत, आईवडील शिकलेले आहेत की नाहीत, याने येथे फारसा फरक पडत नाही. ऐकलेला ध्वनी क्षणभर धरून परत देता येतो का, एवढेच पाहायचे असते.

सुसान गॅदरकोल आणि बॅडले यांनी भाषेत मागे असलेल्या काही मुलांची अशी परीक्षा घेतली व १९९० साली तिचे निष्कर्ष मांडले. ही मुले सुमारे आठ वर्षांची होती. आकृत्या जुळवणे, कोडी सोडवणे अशा बिनशब्दांच्या कामांत त्यांची बुद्धी वयाला साजेशी होती. त्यांची भाषा मात्र साधारण सहा वर्षांच्या मुलांइतकी होती. आणि निरर्थक शब्द म्हणण्यात ती चार वर्षांच्या मुलांच्या पातळीवर होती! दोन अवयवांचे शब्द ती ठीक म्हणत. तीन-चार अवयवांचे शब्द आले की गाडी घसरे. म्हणजे कान चांगले, बुद्धी चांगली, पण मधला पूल अरुंद.

येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. स्मृती कमी म्हणून शब्द कमी, की शब्द कमी म्हणून स्मृती कमी? कारण ज्याच्याजवळ पुष्कळ शब्द आहेत, त्याला नवा शब्द जुन्याच्या आधाराने सहज धरता येतो. गॅदरकोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी चौथ्या वर्षापासून मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. १९९२ साली त्यांनी सांगितले, की चार ते पाच या वयात ध्वनींची स्मृती पुढील शब्दसंग्रहाला वाट करून देते. त्यानंतर मात्र उलटे होऊ लागते आणि शब्दसंग्रहच स्मृतीला आधार देतो. पैशाकडे पैसा जातो म्हणतात, तसे शब्दाकडे शब्द जातो. ज्याच्या गाठीला आरंभी थोडे कमी, तो दरवर्षी आणखी मागे पडतो. म्हणून लवकर ओळखणे महत्त्वाचे.

शिवाय स्मृती हेच या दोषाचे एकमेव कारण, असेही आज कोणी मानत नाही. व्याकरण उमगणे, वाक्याचा अर्थ लावणे यांतही या मुलांना अडचण येते. स्मृती ही त्या अडचणीची एक मोठी बाजू आहे, एवढेच म्हणणे योग्य ठरेल.

ही मुले किती आणि कोणती?

ऐकू येते, बुद्धी ठीक आहे, मेंदूला इजा नाही, तरीही भाषा मागे राहते, अशी मुले वाटतात तितकी विरळ नाहीत. अमेरिकेतील आयोवा राज्यात ब्रूस टॉम्ब्लिन व सहकाऱ्यांनी बालवाडीतील हजारो मुलांची पाहणी केली. १९९७ च्या त्यांच्या अहवालानुसार हे प्रमाण सुमारे ७ टक्के होते. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात अशी दोन मुले असू शकतात. इंग्लंडमधील २०१६ च्या पाहणीतही जवळपास हाच आकडा आला. डोरोथी बिशप यांच्या पुढाकाराने अनेक देशांतील तज्ज्ञ एकत्र आले आणि २०१७ मध्ये त्यांनी या स्थितीला डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर हे एकच नाव सुचवले. मराठीत आपण त्याला विकासातील भाषादोष म्हणू या.

हा दोष आईवडिलांच्या चुकीने होत नाही. आई दिवसभर रानात असते, मुलाशी बोलायला तिला सवड नाही, म्हणून असे झाले, हे बोलणे अन्यायाचे आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे दिसून आले आहे. आमच्या मायने हे ऐकले, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आले. इतकी वर्षे तो दोष ती स्वतःच्या पदरात घेऊन बसली होती.

दुसरा एक गैरसमज आपल्या भागात विशेष जपून टाळला पाहिजे. परतूर-मंठ्याच्या तांड्यांवरची बंजारा मुले घरी गोरमाटी बोलतात आणि शाळेत मराठी. कोणाच्या घरी दखनी उर्दू असते. ही मुले पहिलीत मराठी शब्दाला अडखळली, तर तो दोष नव्हे. ती केवळ दुसरी भाषा शिकत आहेत. तसेच स्टेशनला 'टेसन' म्हणणारे मूलही दोषी नाही, कारण त्याच्या घरातले सगळेच टेसन म्हणतात. ओळखण्याची खूण एकच : मूल स्वतःच्या घरच्या बोलीतही, आपल्याच वयाच्या भावंडांच्या तुलनेत मागे आहे का? असेल तर तो दोष, नसेल तर तो नुसता फरक. दोन भाषा कानी पडल्याने हा दोष जडत नाही. म्हणून 'घरी तुमची भाषा बोलू नका' असा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये.

सत्तावीस की वीस सात?

शब्दांच्या स्मृतीचा प्रश्न केवळ भाषेच्या तासापुरता नाही, याची प्रचीती महाराष्ट्राला २०१९ च्या जून महिन्यात आली. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'सारख्या संख्यांसाठी 'वीस सात' अशी सोपी वाचनपद्धती सुचवली गेली. त्यावर वृत्तपत्रांतून, अगदी विधानसभेतूनही मोठा गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरयुक्त संख्यानामे लहान मुलांना जड जातात आणि जुनी नावे रद्द केलेली नाहीत, असे खुलासेही त्या वेळी झाले.

कोणाची बाजू बरोबर, हा येथे प्रश्न नाही. पण जरा मुलाच्या जागी बसून पाहू. आपल्या मराठीत शंभरापर्यंतची बहुतेक नावे स्वतंत्रपणे पाठ करावी लागतात. लिहिताना दशक आधी, बोलताना एकक आधी. लिहायचे २५ आणि म्हणायचे पंच-वीस. एकोणतीस तर विशीतला, पण नाव घ्यायचे तिसाचे! सदतीस, सदुसष्ट, सत्त्याहत्तर, सत्त्याऐंशी कानाला किती जवळचे! ज्याची पाटी मोठी आहे त्याला ही नावे दोन महिन्यांत येतात. ज्याची लहान आहे, त्याला गणित येत असूनही संख्येचे नाव येत नाही. आमच्या भावासमोर सदतीस चिंचोके ठेवले, तर तो दहा-दहाचे तीन ढीग करून सात बाजूला काढी. हिशेब बरोबर, नाव मात्र येत नसे. वर्गात नापास झाले ते गणित नव्हते, तो शब्द होता.

मग उपाय कोणता?

सर्वांत आधी कानांची तपासणी. वारंवार कान फुटणे, कमी ऐकू येणे हे कारण असेल, तर त्याचा उपचार वेगळा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच महाराष्ट्रात, पालघर येथे झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत ज्या विकासातील उणिवा पाहायच्या, त्यांत भाषेच्या विलंबाचाही समावेश आहे. अंगणवाडीत व शाळेत वैद्यकीय पथक येते, तेव्हा केवळ वजन-उंचीवर न थांबता 'याला शब्द राहत नाहीत' हे पालकांनी स्वतःहून सांगावे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था वाचा-भाषा क्षेत्रातील तज्ज्ञ घडवतात. परंतु परतूरहून मुंबई-म्हैसूर दूर आहे, आणि रोजंदारी बुडवून दर आठवड्याला कोण जाणार? म्हणून घरी व वर्गात जे करता येते, ते जाणून घेणे अगत्याचे आहे.

पहिली गोष्ट, शब्द थोडे आणि खेपा जास्त. मेबल राइस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली अशा मुलांना काही नवे शब्द तीन वेळा, तर काही दहा वेळा ऐकवून पाहिले. तीन वेळांनी फारसे काही साधले नाही, दहा वेळांनी स्पष्ट फरक पडला. इतर मुलांना ओझरते ऐकणे पुरते. यांना तोच शब्द पुन्हा पुन्हा, आणि खऱ्या कामाच्या ओघात भेटला पाहिजे. विळा हातात घेताना 'विळा', धार लावताना 'विळा', खुंटीला अडकवताना पुन्हा 'विळा'.

दुसरी गोष्ट, नुसते ऐकवू नये, थोड्या वेळाने आठवायलाही लावावे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचे लॉरेन्स लेनर्ड व सहकारी यांनी २०१९ पासून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत हे आढळले, की मध्ये थोडे अंतर सोडून शब्द आठवायला लावला, तर तो केवळ ऐकवलेल्या शब्दापेक्षा अधिक टिकतो. आठवले नाही तर रागवायचे नाही. लगेच शब्द सांगायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारायचा.

आपल्याकडे हे तत्त्व नवीन नाही. दिवेलागणीला परवचा म्हणण्याची रीत होती. पाढे, पावकी, निमकी आणि श्लोक रोज ठरल्या वेळी म्हटले जात. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आपल्याच जिल्ह्यात आहे. त्यांचे २०५ मनाचे श्लोक न शिकलेल्या माणसांच्याही तोंडी राहिले, ते या रोजच्या उजळणीमुळेच. परंतु परवचात एक उणीव आहे. चाळीस मुलांच्या एकसुरी घोषात कच्चे मूल सहज लपते. ओठ हलतात, आवाज शेजाऱ्याचा असतो. म्हणून घोष झाल्यावर अशा मुलाला जवळ घेऊन एकट्याने, हळू, तुकडे पाडून म्हणवून घ्यावे, आणि शब्दाबरोबर अर्थही दाखवावा.

तिसरी गोष्ट, शब्दाला वस्तूचा आधार द्यावा. १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी जे बालशिक्षण उभारले, त्यात महागडी साधने नव्हती. परिसरात सापडणारे खडे, शिंपले, पाने, बिया हीच साधने होती. शाळेत न येणाऱ्या मुलांच्या अंगणात शाळाच गेली. ज्या शब्दाला हाताचा, डोळ्यांचा आधार मिळतो, त्याला धूळपाटीवर फार वेळ थांबावे लागत नाही.

चौथी गोष्ट, आज्ञा एका वेळी एकच द्यावी. 'बादली घे.' घेतली? 'आता पाणी भर.' एवढ्याने निम्मी 'अवज्ञा' नाहीशी होते, हा माझा घरचा अनुभव आहे.

आणि एक धोक्याची सूचना. स्मरणशक्ती वाढवण्याच्या गोळ्या आणि वर्ग यांच्या जाहिराती गावोगाव दिसतात. कार्यकारी स्मृतीला व्यायाम देणाऱ्या अनेक प्रयोगांचा मोनिका मेल्बी-लेर्वाग व चार्ल्स ह्यूम यांनी २०१३ मध्ये एकत्रित आढावा घेतला. त्या व्यायामांत मुले तरबेज होतात, पण त्याचा लाभ भाषेला किंवा गणिताला टिकाऊपणे होत नाही, असे त्यातून दिसले. पाटी ताणून मोठी होत नाही. तिच्यावर काय, किती हळू आणि किती वेळा लिहायचे, हे मात्र आपल्या हाती आहे.

शेवटी

माझ्या भावाच्या कानांची तपासणी झाली, कान ठीक निघाले. जिल्ह्याच्या ठिकाणी वाचा-उपचार करणाऱ्या एका बाईंनी आम्हाला वर लिहिलेल्यांपैकीच काही गोष्टी सोप्या शब्दांत सांगितल्या. रोज तीन शब्द, एवढाच नेम आम्ही धरला. सकाळी सांगायचे, दुपारी विचारायचे, रात्री जेवताना पुन्हा विचारायचे. माय भाकरी थापता थापता विचारते, वडील बैल सोडताना विचारतात. घरात पुस्तक नव्हते, पण त्यामुळे काही अडले नाही. आज तो पाचवीत आहे. अजूनही अडखळतो, नवा धडा त्याला जड जातो, आणि तो वर्गात पहिला येईल असे खोटे स्वप्न आम्ही पाहत नाही. पण शेळ्यांमागे तो आता फक्त रविवारी जातो. परवा खुंटीकडे बोट न दाखवता तो म्हणाला, "ताई, विळा दे." घरातल्या कोणाच्याच ते लक्षात आले नाही. मी मात्र हातातले काम टाकून त्याच्याकडे पाहत राहिले.

आपल्या प्रत्येकाच्या गावात, प्रत्येक वर्गाच्या मागच्या बाकावर असे एखादे मूल आहे. आपणांपैकी कित्येकजण उद्या शिक्षक होतील, अंगणवाडीत जातील, आईबाप तर होतीलच. त्या वेळी 'याच्या डोक्यात काही राहत नाही' हे वाक्य ओठांवर आले, तर क्षणभर थांबावे आणि स्वतःला विचारावे : मी त्याला तो शब्द किती वेळा दिला?